मुलांना समाजसेवेचं खरंच कस लागेल असं काम कसं द्यायचं?

मोकळं_आभाळ
आमचा 14 ते 17 वयाच्या 11 मुलांचा ग्रुप आहे, दर शनिवारी जमतो. दोन वर्षं झाली, स्वच्छता मोहीम, झाडं लावणं, जुने कपडे गोळा करणं, आलटून पालटून हेच चाललंय. मुलं येतात, फोटो काढतात, सर्टिफिकेट घेतात नि जातात. परवा एकीने सरळ विचारलं, "ताई, आज आपण आलोच नसतो तर कुणाचं काय अडलं असतं?" मला उत्तरच सुचेना. म्हणून यावेळी जरा अवघड काहीतरी घ्यायचंय, पण गेल्या वेळी घेतलं तेव्हा शेवटच्या आठवड्यात आम्ही मोठ्यांनीच रात्री जागून ते उरकलं आणि मुलं बघत बसली. कुणाला अनुभव आहे का?

जुनी_शिट्टी
अवघड म्हणजे काय ते आधी ठरवा. पंधरा वर्षांच्या पोराला खड्डे खणायला काहीच वाटत नाही, पण अनोळखी ऑफिसात फोन लावून परवानगी मागायची म्हटलं की घाम फुटतो. अमेरिकेतल्या स्काउटिंगमध्ये ईगल स्काउट (तिथला सगळ्यात वरचा दर्जा) होण्यासाठी जो सेवा प्रोजेक्ट करावा लागतो त्याला कमीत कमी इतके तास अशी अटच नाहीये. मुलाने स्वतः आखणी केली का आणि बाकीच्यांचं नेतृत्व केलं का, हे बघतात, आणि काम स्काउटिंगच्या बाहेरच्या कुणाच्या तरी उपयोगाचं लागतं. तुम्ही तास मोजत असाल तर आधी ते बंद करा.

शिडीवरून
मुलांच्या सहभागावर अभ्यास करणारे रॉजर हार्ट यांनी 1992 साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची शिडी मांडली होती, 8 पायऱ्यांची. त्यातल्या खालच्या 3 पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत, मुलं नुसती शोभेला असतात. तुमच्या फोटोवाल्या मोहिमा तिथेच बसतात, राग मानू नका. पण सगळ्यात वरच्या पायरीवरही मुलं एकटी नाहीत बरं का, सुरुवात त्यांची आणि निर्णय मोठ्यांसोबत मिळून. "तुमचं तुम्ही बघा" म्हणून हात झटकलेत तर ती ती पायरी नव्हे.

रेकॉर्ड_चालू
मी मुलांच्या बाजूने लिहितो, 16 चा असताना केलेलं. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची असं आम्ही ठरवलं. सहा जणांनी महिनाभर खपून नाटकी आवाजात वाचलं, मागे म्युझिक टाकलं, लय भारी वाटत होतं. नेऊन ऐकवलं तर एक जण म्हणाला, म्युझिक काढा, वेगाने ऐकताना शब्द कळत नाहीत, आणि पान नंबर का नाही सांगितला? सगळं परत केलं. आमचा ग्रुप बघणाऱ्या दादाला हे आधीच माहीत होतं म्हणे, पण तो गप्प बसला! तेव्हा जाम चिडलो होतो त्याच्यावर. दुसऱ्यांदा मात्र आधी चार पानं रेकॉर्ड करून नेली, त्यांना विचारलं आणि मगच पुढे गेलो.

सावकाश
इथे सगळे जोशात आहेत म्हणून थोडं थंड पाणी ओततो. आमच्या एका मुलीला वृद्धाश्रमात गप्पा मारायला पाठवलं होतं, चार महिन्यांत एका आजींशी तिची गट्टी जमली, आणि एका शनिवारी गेली तर पलंग रिकामा. तिच्याशी त्याबद्दल आधी कुणीच बोललं नव्हतं, मीसुद्धा नाही. पुढे तिने येणंच सोडलं. तेव्हापासून आम्ही जोडीनेच पाठवतो आणि परत आल्यावर वीस मिनिटं नुसतं बसतो, काय झालं, कसं वाटलं, पुढच्या वेळी काय करू. रेकॉर्डिंग चुकलं तर परत करता येतं हो, पण माणसांशी गाठ असेल तिथे "चुकू दे, शिकतील" म्हणून चालत नाही.

मोकळं_आभाळ
सगळ्यांचे आभार. सावकाश, तुमचं वाचून बराच वेळ काही टाइप करता आलं नाही. या शनिवारी मी काहीच सुचवणार नाहीये, जिने प्रश्न विचारला होता तिलाच चर्चा चालवायला सांगितलंय, घाबरलीय पण हो म्हणालीय. एकच विचारायचंय रेकॉर्ड_चालू, तुमचा दादा बरोबर कधी गप्प बसायचा नि कधी बोलायचा? मला तेच जमत नाही.

रेकॉर्ड_चालू
त्यालाही जमायचं नाही फारसं. तो चहाच्या निमित्ताने बाहेर जायचा.