‘वैद्यकीय गांजा’ म्हणावे की ‘विजया’?

प्रश्न : कर्करोगाशी झुंजणाऱ्या माझ्या आत्यांना वैद्यांनी विजयेच्या, म्हणजे गांजा-भांगेच्या झाडाच्या, पानांच्या अर्काचे तेल लिहून दिले आहे. घरच्यांसाठी मी त्याचे माहितीटिपण मराठीत करीत आहे. बातम्यांतला ‘वैद्यकीय गांजा’ हा शब्द त्यात चालेल का? शेजाऱ्यांपैकी कुणीतरी ‘गांजाचे तेल’ म्हटल्यापासून आत्या त्या बाटलीला हात लावायला तयार नाहीत.

उत्तर : हा शब्द वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; कारण ‘गांजा’ हा निव्वळ बोलीतला शब्द राहिलेला नसून ‘गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’ या कायद्याच्या कलम २ ने त्याचा अर्थ ठरवून दिला आहे. त्या व्याख्येप्रमाणे झाडाची वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस आणि फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे म्हणजे गांजा. शेंडे सोबत नसतील तर पाने आणि बिया गांजात धरल्या जात नाहीत. पानांच्या औषधाला गांजा म्हणणे हे म्हणूनच चुकीचे आहे, आणि आजारी माणसाच्या मनात विनाकारण पोलिसांची भीती घालणारेही आहे.

‘भांग’ हा शब्द अर्थाने जवळचा असला, तरी ‘तुळशीत भांग’ म्हणणाऱ्या आपल्या भाषेत त्याला बट्टा लागलेला आहे. शिवाय महाराष्ट्राच्या १९४९ च्या दारूबंदी अधिनियमात भांगेची गणना मादक द्रव्यांतच होते. कोशांत काही वेळा दिसणारे ‘अंबाडी’ आणि ‘ताग’ हे प्रतिशब्द तर निराळ्याच झाडांचे आहेत. आयुर्वेदातले ‘विजया’ हे नाव बाटलीवरही आहे, तेच ठेवावे.

मात्र नाव सौम्य आहे म्हणून औषध सौम्य आहे, असे टिपणातून सूचित होता कामा नये. १९४५ च्या औषधे नियमावलीच्या (पूर्वीचे नाव ‘औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावली’) अनुसूची ई-१ मध्ये, म्हणजे आयुर्वेदादी पद्धतींतील विषारी द्रव्यांच्या यादीत, भांग आहे, आणि त्यामुळे पोटात घ्यायच्या अशा तयार औषधावर वैद्यकीय देखरेखीची सूचना इंग्रजी व हिंदीत छापावी लागते. आत्यांना ती मराठीत वाचता येईल, अशी टिपणाच्या पहिल्याच ओळीत घाला.

हे औषध मिळणे हा ‘रुग्णाचा हक्क’ आहे, असेही लिहू नये. १९८५ च्या अधिनियमाचे कलम ८ गांजा-चरसासारख्या द्रव्यांना मनाई करते आणि वैद्यकीय व वैज्ञानिक प्रयोजनांपुरता अपवाद ठेवते. त्या अपवादाचे नियम कलम १० नुसार बऱ्याच अंशी राज्यांच्या हाती आहेत. अपवाद आणि हक्क यांत फार अंतर आहे. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसारख्या ‘अत्यावश्यक’ औषधांसाठी देशभर एकसारख्या नियमांची वाट मोकळी केली, पण गांजा-चरस त्या यादीत नाहीत.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. पहिली ओळ अशी केली आहे : ‘हे विजयेच्या पानांचे औषध आहे, वैद्यांनी सांगितले तेवढेच, त्यांच्या देखरेखीखाली घ्यावे.’ आत्यांनी ती दोनदा वाचली आणि चष्मा काढून विचारले, ‘जेवणाआधी की नंतर?’