सातवीच्या मुलांकडून 'आपला समुद्र' हा खेळ बनवून घ्यायचाय. साप-शिडीच्या पुढे कसं जायचं?

सातवीची वर्गशिक्षिका, गुहागर तालुका
वर्गात 32 मुलं, चार-चारांचे आठ गट. विज्ञान, भूगोल आणि मराठी मिळून एकच प्रकल्प आहे: समुद्रावरचा बोर्ड गेम मुलांनी स्वतः रचायचा. सहा आठवडे आहेत, आठवड्याला 40 मिनिटांच्या दोन तासिका. कच्च्या आराखड्यात बहुतेक गटांनी साप-शिडीच काढली. 'प्लास्टिक टाकलं, खाली या', 'किनारा साफ केला, वर चढा'. यातून त्यांना बाहेर कसं काढायचं? आणि गुण कशाला द्यायचे?

गणित-विज्ञान शिक्षक, मालवण
मॅडम, साप-शिडीत खेळणाऱ्याला ठरवायला काहीच नसतं. फासा पडतो, सोंगटी सरकते. मुलांना एवढंच करायला सांगा: 'प्लास्टिक टाकलं' पुसून तिथे 'खोटं बोललो' लिहा. खेळ जसाच्या तसा चालतो ना? मग समुद्र फक्त चित्रात आहे, नियमांत नाही.

दुसऱ्या आठवड्यात सगळ्या गटांना हा तयार खेळ द्या आणि तो मोडायला सांगा. मधे ताटलीत 40 चिंचोके, हा समुद्र. चार खेळाडू म्हणजे चार होड्या. प्रत्येक फेरीत प्रत्येकाने 0 ते 5 चिंचोके उचलायचे. फेरी संपली की उरले असतील तितके पुन्हा घालायचे, म्हणजे दुप्पट, पण 40 च्या वर नाही.

यात मुद्दाम एक खोट ठेवली आहे. सगळ्यांनी पाच-पाच उचलले तरी 20 उरतात, दुप्पट होऊन परत 40. समुद्र कधी संपतच नाही. ही खोट मुलांनी शोधायची, आपण बोलायचं नाही.

मग वाढ दुपटीऐवजी दीडपट करा (अर्धा आला तर सोडून द्यायचा). आता प्रत्येकी 3 उचलले तर 28 उरतात, दीडपट 42, म्हणजे ताटली परत 40 वर. प्रत्येकी 4 उचलले तर फेऱ्यांअखेर 36, 30, 21, 7 असे आकडे येतात आणि पाचव्या फेरीत चौघांना पुरेसे मासेच नसतात. एकेका चिंचोक्याचा फरक! हे कोष्टक वहीत मांडलं की गणिताची तासिका वेगळी घ्यावी लागत नाही.

भूगोल शिक्षिका, देवगड
वरच्या खेळात पावसाळी बंदी घालून बघा. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, कारण बऱ्याच माशांचा तो प्रजननाचा काळ. खेळात तीन फेऱ्यांनंतर एक फेरी कुणी काही उचलायचं नाही. प्रत्येकी 4 च्या हिशेबात 21 चे 31 होतात, पुढे 22, मग 9, आणि सातव्या फेरीत समुद्र आटतो. पाचवीऐवजी सातवी. बंदीमुळे मुदत वाढते, पण उचल तेवढीच राहिली तर मासा वाचत नाही. हे मुलांना स्वतःच्या हाताने कळू द्या. खऱ्या समुद्राची वाढ इतकी सरळ नसते, हेही त्याच वेळी सांगावं.

एक धोका आहे. 'सर्वांत जास्त मासे त्याचा विजय' असा नियम ठेवलात तर शेवटच्या फेरीत सगळे तुटून पडतात. उपाय दोन: एकूण फेऱ्या किती ते कुणालाच सांगू नका, किंवा ताटलीत 8 पेक्षा कमी उरले तर चौघेही हरले असा नियम करा. दुसऱ्या उपायानंतर मुलं आपोआप एकमेकांशी बोलायला लागतात. त्या बोलण्याची नोंद एखाद्याकडून ठेवून घ्या, प्रकल्पातला सर्वांत मोलाचा भाग तोच.

कला शिक्षक, सावंतवाडी
साहित्याबद्दल. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद चिकटवला की ती बाजू आधी ओली होऊन मग आक्रसते आणि पट वाकतो. दोन्ही बाजूंनी कागद लावा, रात्रभर पुस्तकांखाली दाबून ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे मांजरपाटाचा पट. सारीपाटही कापडाचाच असायचा. पत्ते गोल कापा. आमच्याकडच्या गंजिफाचे पत्ते गोल असतात, दशावतारी संचात 120. गोल पत्त्याला कोपरेच नाहीत, त्यामुळे दुमडण्याचा प्रश्न कमी.

फाशांसाठी चार चिंचोके एका बाजूने दगडावर घासून पांढरे करा. पांढरी बाजू वर आलेले मोजायचे. दोन्ही बाजूंची संधी सारखी असती तर 16 शक्यतांपैकी दोन पांढरे 6 वेळा, चारही पांढरे एकदाच. पण घासलेली बाजू सपाट, दुसरी फुगीर, म्हणून संधी सारखी नसते. प्रत्येक चिंचोका 100 वेळा टाकून नोंद करायला लावा आणि मगच खेळातले आकडे ठरवा.

सातवीची वर्गशिक्षिका, गुहागर तालुका
फार उपयोगी! खेळून पाहायचे तास कसे घ्यावेत? आमच्याकडे गट आपला खेळ दुसऱ्यांना तोंडानेच समजावून देतात.

गणित-विज्ञान शिक्षक, मालवण
तिथेच घोळ होतो. बनवणारा गट शेजारी गप्प बसेल, समोरचा गट फक्त लिहिलेलं नियमपत्रक वाचून खेळेल. जिथे खेळणारे अडले, ते वाक्य लाल पेनाने अधोरेखित. मराठीचा लेखनाचा तास तोच. सहापैकी निदान दोन आठवडे यासाठी राखा. रंगकाम शेवटच्या तासिकेआधी सुरू करू देऊ नका, कारण रंगवलेला पट बदलायला मुलांचा हात धजत नाही.

गुण 20 पैकी: बदलांची वही 8 (काय बदललं, का, त्यानंतर काय झालं), नियमपत्रक 5, खेळ 4, दुसऱ्या गटाला दिलेला अभिप्राय 3. सुबकपणाला वेगळे गुण नकोत, नाहीतर ते काम घरी पालक करतात.