रंगमंचावरील जादूची रहस्ये जाहीर करावीत का?

रंगप्रेमी
पोटॅशियम परमँगनेटवर तूप म्हणून ग्लिसरीन ओतून यज्ञ 'आपोआप' पेटवणाऱ्या बुवाचे बिंग फोडणे हे समाजाचे काम आहे आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते ते करतात, याचा मला आदर वाटतो. परंतु तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाला समोर करमणूक चालली आहे हे ठाऊक असते, त्यामुळे रंगमंचावरील जादूगाराचे प्रयोग व्हिडिओतून फोडणाऱ्यांना हेच समर्थन लागू होत नाही. शिवाय कायदाही जादूगाराच्या मदतीला येत नाही. जादूगार होरेस गोल्डिनने पेटीत झोपवलेली बाई करवतीने कापण्याच्या प्रयोगाचे पेटंट १९२३ मध्ये अमेरिकेत घेतले. पुढे एका सिगारेट कंपनीने जाहिरातीत ते रहस्य छापले, तेव्हा त्याने दावा लावला आणि १९३८ मध्ये तो हरला, कारण पेटंट घेताना कृती त्यानेच जाहीर केली होती.

चिकित्सक
आपण दिलेले उदाहरण मला उलट दिशेने नेते. हा प्रयोग इंग्रज जादूगार सेल्बिटने लंडनमध्ये १९२१ साली पहिल्यांदा जाहीरपणे केला. पेटीची युक्ती सर्वतोमुखी झाल्यावर गोल्डिनने पेटीच काढून टाकली आणि उघड्यावर फिरणारी यांत्रिक करवत आणली. त्याच धर्तीचा प्रयोग भारतीय जादूगार पी. सी. सरकार यांनी १९५६ मध्ये बीबीसीवर केला. कार्यक्रम अचानक संपला आणि प्रयोगात कापलेली मुलगी खरोखर मेली असे समजून घाबरलेल्या प्रेक्षकांनी दूरध्वनी केले. रहस्य फुटल्यामुळे कला पुढे गेली, असेच मी म्हणेन.

प्रयोगकर्ता
मी शाळाशाळांतून प्रयोग करतो, म्हणून थोडे वेगळे मांडतो. नवी यंत्रसामग्री घडवणे मोठ्या संचाला परवडते. माझ्यासारख्याची एक पेटी कित्येक वर्षे चालावी लागते. त्याहून मोठी अडचण नजरेची आहे. आमचे निम्मे कौशल्य प्रेक्षकाची नजर नेमक्या क्षणी दुसरीकडे वळवण्यात असते, आणि त्यासाठी बोलणे, थांबणे, सहायकाकडे पाहणे यांचा मेळ बसवावा लागतो. व्हिडिओ पाहून आलेले मूल पहिल्यापासून चोरकप्प्यावरच डोळा ठेवते आणि मोठ्याने सांगूनही टाकते. मग शेजारच्या पन्नास मुलांचा आनंद जातो, ज्यांनी काहीच विचारले नव्हते.

चिकित्सक
शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. जो स्वतः शोधत, वाचत जातो त्याला रहस्य मिळावे, इथपर्यंत माझे मत कायम आहे. आजचे नवे जादूगारही जुन्या पुस्तकांतूनच शिकले आहेत. मात्र सध्या गावोगाव चालू असलेला एखाद्याचा प्रयोग, त्याला न विचारता, केवळ प्रेक्षकसंख्येसाठी उलगडून दाखवणे आणि शिकवणे यांत फरक केला पाहिजे.

रंगप्रेमी
तो फरक व्हिडिओ करणाऱ्यांनी पाळावा, इतकीच माझी मागणी आहे. पण जुन्या प्रयोगांबाबत मी अजूनही सहमत नाही: वीस वर्षांपूर्वीचा प्रयोगही आज पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाला नवाच असतो.