‘ऑलरेडी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: ॲपचा मजकूर मराठीत करताना ‘ऑलरेडी’साठी सगळीकडे ‘आधीच’ घातलंय, पण काही वाक्यं खटकतात. दुसरा शब्द कोणता?

— नुसता शब्द बदलून भागणार नाही. ‘ऑलरेडी’चं काम मराठीत बऱ्याचदा क्रियापदच करतं. ‘मी ऑलरेडी पैसे भरलेत’ म्हणजे ‘पैसे भरून झालेत’. तिथे ‘मी आधीच भरलेत’ म्हटलं, तर मुदतीच्या आधी किंवा दुसऱ्या कुणाच्या आधी भरले असाही अर्थ निघतो. ‘मी आधीच सांगितलं होतं’ यात तर ‘तरी ऐकलं नाहीस’ हा ठपका डोकावतो. काम उरकलंय एवढंच सांगायचं तर ‘सांगून झालंय’, ‘जेवून झालंय’. आणि स्थिती सांगायला ‘च’ पुरतो: पंखा चालूच आहे, दार उघडंच आहे.

— ‘आधीच’ची हक्काची जागा म्हणीत सापडते: ‘आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास’. एक गोष्ट असताना वर दुसरी. ‘आधीच उशीर झालाय, त्यात रिक्षा मिळेना.’ पुढे ‘त्यात’ जोडता येत असेल तर ‘आधीच’ खुशाल ठेवा.

— आश्चर्याचा ‘ऑलरेडी’ राहिला की! पाहुणे उठले की आपण ‘एवढ्यात निघालात?’ म्हणतो, तिथे इंग्रजीत ‘ऑलरेडी’च येतो. होऊन बराच वेळ गेला असेल तर ‘केव्हाच’ किंवा ‘कधीच’. पण ‘कधीच’ जपून वापरा. ‘तो कधीच आला’ म्हणजे येऊन बराच वेळ झाला. ‘तो कधीच आला नाही’ म्हणजे एकदाही आला नाही. लेखी मजकुरात ‘केव्हाच’ बरा. अंदाज असेल तर ‘एव्हाना’: ‘गाडी एव्हाना कर्जतला पोचली असेल.’

— इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी थोडी भर. ‘तो अजून आला नाही’ यातल्या ‘अजून’ला ‘येट’ लागतं, ‘ऑलरेडी’ नाही. ‘आय हॅव ऑलरेडी पेड यस्टरडे’ हेही चुकतं, कारण ‘काल’सारखी नेमकी वेळ आली की ‘हॅव’ गळतो: ‘आय पेड यस्टरडे’. मराठीत ‘मी काल पैसे भरलेत’ सहज चालतं, म्हणून ही चूक होते. ‘ऑल’ आणि ‘रेडी’ सुटे लिहिले तर अर्थ ‘सगळे तयार’ किंवा ‘पूर्ण तयार’.

— आता मूळ प्रश्नाकडे. ‘आधीच नोंदणीकृत?’ असं बटण नको, ‘नोंदणी केली आहे?’ पुरे. ‘हा क्रमांक आधीच वापरात आहे’ याऐवजी ‘या क्रमांकाने खाते उघडलेले आहे’ लिहा. काय अडलंय ते वापरणाऱ्याला लगेच कळतं. अर्जासारख्या औपचारिक मजकुरात ‘यापूर्वीच’ शोभतो: ‘आपला अर्ज यापूर्वीच मिळाला आहे.’ तिथे ‘ऑलरेडी’मधला ‘पुन्हा पाठवायची गरज नाही’ हा भाग मात्र त्या ‘च’वर सोडू नका, पुढे स्वतंत्र वाक्यात सांगा.