मदत हवी आहे: संत बार्थोलोम्यू कल्याणला आले होते, हे लेखात कसं लिहू?

नमस्कार मंडळी,

२४ ऑगस्टला संत बार्थोलोम्यूंचा सण असतो, त्यानिमित्त आमच्याकडे एक छोटी स्मरणिका निघतेय आणि त्यातला त्यांच्यावरचा मुख्य लेख माझ्याकडे आलाय. मी वसईकडची. आमच्या भागातली जुनीजाणती माणसं ठामपणे सांगतात की येशूच्या बारा शिष्यांपैकी थोमा केरळात गेला आणि बार्थोलोम्यू आपल्या उत्तर कोकणात, कल्याणला आला, म्हणजे पोर्तुगीज यायच्या पंधराशे वर्षं आधी इथे शुभवर्तमान (येशूचा संदेश) पोचलं होतं. स्मरणिकेचं काम बघणारे सर म्हणतात पहिलंच वाक्य टाक, ‘इ.स. ५५ साली संत बार्थोलोम्यू कल्याण बंदरात उतरले.’ माझा हातच पुढे जाईना. श्रद्धा आहे म्हणूनच जाईना, कारण ज्याला आपण मानतो त्याच्याबद्दल सनासकट असं काही छापायचं तर ते कोणी विचारलं तरी टिकलं पाहिजे असं मला वाटतं.

आत्तापर्यंत वाचलेलं थोडक्यात सांगते म्हणजे तुम्हाला तेच परत टाइप करावं लागणार नाही. बायबलमध्ये ‘बर्थलमय’ (म्हणजे बार्थोलोम्यूच) हे नाव मत्तय, मार्क, लूक आणि प्रेषितांची कृत्ये एवढ्या चारच ठिकाणी येतं, तेही फक्त बारा जणांच्या यादीत, स्वतःचं एकही वाक्य नाही. तिन्ही शुभवर्तमानांत त्याचं नाव फिलिपच्या लगेच पुढे आहे. योहानाच्या शुभवर्तमानात बर्थलमय नाहीच, पण तिथे फिलिपच एका नथनेलला येशूकडे घेऊन येतो, म्हणून नथनेल आणि बर्थलमय एकच असं चर्चमध्ये फार पूर्वीपासून मानत आलेत. मला स्वतःला तो प्रसंग इतका आवडतो ना! नासरेथातून काय चांगलं निघणार असं हा माणूस सरळ तोंडावर विचारतो, फिलिप वाद घालत नाही, नुसतं ‘येऊन पाहा’ म्हणतो, आणि येशू त्याला दुरून येताना बघूनच म्हणतो की याच्या मनात कपट नाही, तू अंजिराच्या झाडाखाली होतास तेव्हाच मी तुला पाहिलं. झालं, त्या एका वाक्यावर हा गडी कायमचा मागे निघाला.

पुढचं सगळं परंपरेतलं. थादेयस (येशूचा आणखी एक शिष्य) आणि बार्थोलोम्यू या दोघांना आर्मेनियन चर्च आपले संस्थापक मानतं, आणि तिथेच बार्थोलोम्यूंची जिवंतपणी कातडी सोलून हत्या केली असं सांगतात. म्हणून चित्रात त्यांच्या हातात सुरी असते. सिस्टाइन चॅपेलच्या शेवटच्या न्यायाच्या चित्रात तर मायकेलअँजेलोने त्यांच्या हातात त्यांचीच सोललेली कातडी दिलीय आणि त्या लोंबत्या कातडीवरचा चेहरा खुद्द चित्रकाराचा आहे असं बरेच अभ्यासक मानतात. कातडी कमावणारे, खाटीक, पुस्तकं बांधणारे हे सगळे त्यांना आपला पालक संत मानायचे. आमच्याकडच्या पोरांना विचारलं तर तीही ‘ते कातडीवाले संत’ एवढंच सांगतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तर माझे प्रश्न असे की कल्याणच्या दाव्यामागे नेमका लेखी आधार किती आहे, मग आर्मेनियाचं काय करायचं, एकच माणूस दोन्हीकडे कसा, आणि सगळ्यात अवघड म्हणजे हे स्मरणिकेत कोणत्या शब्दांत लिहायचं की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आपली श्रद्धा खोटी ठरवली असं वाटणार नाही. मजकूर लवकरच छपाईला जाणार आहे. जाणकारांनी प्लीज मदत करा.

प्रतिसाद

ताई, चांगला विषय घेतलात. मी इतिहास शिकवतो, त्यामुळे आधी लेखी आधाराचं बघू.

सगळ्यात जुना धागा आहे युसेबियसचा. हा चौथ्या शतकाच्या सुरुवातीला चर्चचा इतिहास लिहिणारा माणूस. तो सांगतो की अलेक्झांड्रियाच्या ख्रिस्ती विद्यापीठाचा प्रमुख पँटेनस भारताकडे गेला होता, ही दुसऱ्या शतकाच्या अखेरची गोष्ट, आणि तिथे त्याला आधीपासूनच काही ख्रिस्ती लोक भेटले ज्यांच्याकडे हिब्रू लिपीतलं मत्तयाचं शुभवर्तमान होतं आणि ते बार्थोलोम्यूने त्यांना दिलं होतं. पण युसेबियस स्वतः हे ‘असं सांगतात’ म्हणून लिहितो हे लक्षात घ्या. पुढे जेरोम या चर्चच्या विद्वानानेही हीच हकीकत दिलीय. म्हणजे बार्थोलोम्यू आणि भारत ही जोडी सतराशे वर्षं जुनी आहे, ती काही वसईतल्या कोणाच्या डोक्यातून आलेली नाही, हे तुमच्या सरांना जरूर सांगा.

अडचण पुढे आहे. त्या काळातले ग्रीक आणि रोमन लेखक भारत म्हणताना तांबड्या समुद्रापलीकडचा मोठा मुलूख धरायचे, कधी त्यात अरबस्तानचा दक्षिण भाग येतो कधी इथिओपिया. बार्थोलोम्यूचा भारत इथिओपियाला लागून होता असं लिहिणारे जुने लेखकही आहेत. युसेबियसमध्ये कल्याण हे नाव कुठेच नाही. कल्याण ही जोड विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी पक्की केली, त्यात ए. सी. पेरुमलिल हे जेझुइट फादर आणि इतिहासकार जॉर्ज मोराईस ही दोन नावं मुख्य. त्यांचं म्हणणं निराधार नाही पण ते अनुमान आहे.

आता ५५ सालाबद्दल. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेलं समुद्री व्यापाराचं वर्णन, पेरिप्लस, वाचा, त्यात आपली सोपारा, कल्याण, चौल ही सगळी बंदरं आहेत. तो म्हणतो की कल्याण आधी उघडं व्यापारी बंदर होतं पण नंतर सत्ता बदलली आणि आता तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरूचला नेतात. म्हणजे नेमक्या त्याच शतकात कल्याण परदेशी जहाजांना काही काळ बंद होतं. माणूस खुश्कीने येऊ शकतो, दुसऱ्या बंदरात उतरू शकतो, ते सगळं खरं. पण सन आणि ‘बंदरात उतरले’ दोन्ही एकत्र छापणं मी टाळेन.

प्रतिसाद

वरच्या दादांनी म्हटलंय ते बरोबर आहे, फक्त एक भर घालते, कारण हीच गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते आणि नेमकी हीच कोणी सांगत नाही. बार्थोलोम्यूचं बाजूला ठेवलं तरी आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या आधी ख्रिस्ती होते याच्या नोंदी आहेत. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी लिहितो की कल्याणला बिशप आहे आणि त्याची नेमणूक इराणातून होते. (काही जण ते कल्याण म्हणजे उडुपीजवळचं कल्याणपूर म्हणतात, तेही नमूद करा, लपवू नका.) आणि चौदाव्या शतकात ओडोरिक हा फ्रान्सिस्कन साधू ठाण्याला आला, तिथे १३२१ मध्ये चार साधूंना मारलं होतं त्याची हकीकत त्याने लिहिलीय, त्यात ठाण्यात नेस्टोरियन (पूर्वेकडच्या एका चर्चच्या) ख्रिस्त्यांची पंधरा घरं असल्याचं आहे. पंधरा घरं! एवढीशीच वस्ती, पण कोणीतरी लिहून ठेवली म्हणून आज आपल्याला कळतेय. म्हाताऱ्या माणसांना हे वाचून दाखवा, त्यांना कमीपणा वाटणार नाही, उलट अंगावर काटा येईल.

दोन देशांबद्दल म्हणाल तर परंपरा स्वतःच त्याचं उत्तर देते, आधी भारत मग आर्मेनिया असा क्रम लावते. त्यांच्या हौतात्म्याच्या जागी बांधला असं मानतात तो मठ आज तुर्कस्तानच्या वान प्रांतात पडक्या अवस्थेत उभा आहे. आर्मेनियन लोकांचं तिथलं दुःख मोठं आहे, त्यामुळे लेखात ‘खरे तर ते आमचेच’ असला सूर येऊ देऊ नका ही विनंती.

प्रतिसाद

मी फ्रँकफर्टला असतो. इथलं मुख्य कॅथेड्रल संत बार्थोलोम्यूंच्याच नावाचं आहे, जर्मन राजांची निवड आणि पुढे सम्राटांचे राज्याभिषेक जिथे व्हायचे तेच, आणि त्यांच्या कवटीचा भाग इथे जपलाय असं मानतात. बाकीचे अवशेष फिरत फिरत रोमला गेले. आधी सिसिलीजवळचं लिपारी बेट, नवव्या शतकात तिथून बेनेव्हेंतो, मग सम्राट तिसऱ्या ओटोच्या काळात रोममधल्या तिबेर नदीच्या बेटावर. त्या बेटावरच्या चर्चमध्ये मी गेलोय. मुख्य वेदीकडे चढणाऱ्या पायऱ्यांमध्येच एक जुनी विहीर आहे, तिच्या दगडी कठड्यावर संतांच्या आकृती कोरल्यात, माणसं वाकून आत बघतात मग वर वेदीकडे जातात. ख्रिस्ती काळाआधी त्या बेटावर वैद्यकाच्या देवाचं देऊळ होतं आणि आजही समोर हॉस्पिटल चालू आहे. लंडनचं ११२३ सालचं सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलही याच संताच्या नावाचं, ते अजून सुरू आहे. पोरांना कातडीऐवजी हे सांगा ना, की ज्याचे एवढे हाल केले त्याच्या नावाने लोक नऊशे वर्षं आजाऱ्यांची सेवा करतायत. मुखपृष्ठावर पण सुरीवालं चित्र नको, अंजिराच्या झाडाखाली बसलेला नथनेल घ्या.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढी भरभरून मदत मिळेल असं वाटलं नव्हतं. अंजिराच्या झाडाचं चित्र पक्कं, आमच्यातलीच एक मुलगी काढतेय. सरांशी फोनवर बोलले, पेरिप्लसमधली ती पहाऱ्यात नेलेल्या जहाजांची गोष्ट त्यांनी दोनदा ऐकली आणि सन काढायला तयार झाले. सुरुवात आता अशी केलीय, बघा कशी वाटते:

‘संत बार्थोलोम्यू भारतात आले ही आठवण चर्चने सतराशे वर्षं जपली आहे. ते आपल्या कल्याणला आले असं आपले वाडवडील सांगत आले, आणि काही अभ्यासकांनाही ते शक्य वाटते. त्याचा लेखी पुरावा आपल्या हाती नाही. पण सहाव्या शतकात कल्याणला बिशप असल्याची आणि चौदाव्या शतकात ठाण्यात ख्रिस्ती घरे असल्याची नोंद परदेशी प्रवाशांनी केली आहे.’

‘लेखी पुरावा नाही’ हे वाक्य सरांना लेखाच्या शेवटी हवंय, मला तिथेच तिसऱ्या ओळीत हवंय. तुमचं मत सांगा. आणि अजून एक, कल्याण, ठाणे, साष्टी किंवा वसईकडच्या कोणाच्या घरी बार्थोलोम्यूंचं नाव असलेलं जुनं गाणं, प्रार्थना किंवा आजीने सांगितलेली गोष्ट असेल तर ती जशी बोलतात तशीच, बोलीभाषेतच इथे लिहा, शुद्ध करू नका. मला ती सगळी एका पानावर छापायचीत.