शून्य गुण नव्हे, शून्य मतं

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंगच्या, म्हणजे ब्रेकडान्सच्या, स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या रेगनला 'शून्य मार्क' मिळाले, असं लोक म्हणतात. तसं नाही हो. ब्रेकिंगमध्ये मार्क नसतातच, मतं असतात. नऊ परीक्षक, साखळीतल्या लढतीत दोन फेऱ्या, म्हणजे अठरा मतं. परीक्षकाला प्रतिस्पर्धी तसूभर जरी सरस वाटली तरी अख्खं मत तिकडे. म्हणून तीन लढतींत तीनदा ०-१८. आता समोर कोण, तर अमेरिकेची लॉजिस्टिक्स, लिथुआनियाची निका आणि फ्रान्सची सिसी (ही त्यांची नाचातली नावं)! त्यातली निका तर १७ वर्षांची, पुढे रौप्य घेऊन गेली.

रेगन हेही तसंच नाव, खरी ती रेचल गन, तेव्हा वय ३६, सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठात प्राध्यापिका, पीएच.डी.सुद्धा ब्रेकिंगवरच. २०२३ मध्ये ओशनिया स्पर्धा जिंकून ती रीतसर पात्र ठरली होती, वशिल्याने नव्हे. डोक्यावर गरगर फिरण्यात या पोरींना हरवणं शक्य नाही, म्हणून वेगळं काही करायचं, हा तिचा हिशेब. कांगारूउडी त्यातूनच आली. फसली, हे मान्य. मलाही पाहताना हसू आवरलं नाही.

पण शिकवणारा आणि जिंकणारा एकच असावा हा हट्ट कशाला? आपल्याकडे तालमीतला वस्ताद दर वर्षी गदा मारतो का? माझा आक्षेप वेगळाच आहे. गाणं डीजे ठरवतो, नाचणाऱ्याला आधी माहीत नसतं, आणि ठेका पकडणं हा पाच निकषांपैकी एक. तिथेच ती मला सगळ्यात कच्ची वाटली. त्या हिरव्या-पिवळ्या ट्रॅकसूटवर मात्र लोक उगाच घसरले, तो संघाचा पोशाख होता.