नोकऱ्या बदलल्या, वेडं बदलली. मैत्रीचं काय झालं?

अबोली

नोकरी सोडताना ‘संपर्कात राहू’ म्हणणारे सगळे तेव्हापुरते मनापासून म्हणतात, असं माझं मत आहे. तरी वर्षभराने फोनमध्ये उरतं काय, तर ‘अमुक अकाउंट्स’, ‘तमुक तिसरा मजला’ अशी आडनावाच्या जागी खातं चिकटलेली नावं. याउलट माझी शाळेतली मैत्रीण. आमची क्षेत्रं वेगळी, शहरं वेगळी, घरची परिस्थितीही वेगळी. कित्येक वर्षं बोलणंच नव्हतं. मग चाळिशीत दोघींना, एकमेकींना न विचारता, बीटीएस या कोरियन गायकांच्या कंपूचं वेड लागलं आणि गाडी पुन्हा सुरू झाली. जून २०२२ मध्ये त्या सात पोरांनी ‘आता थोडे दिवस आपापलं काम करू’ असं जाहीर केलं, तेव्हा आम्ही दोघी आपापल्या ऑफिसच्या जिन्यात उभ्या राहून फोनवर हळहळत होतो. घरी सांगण्यात अर्थ नव्हता.

तर लिहा. नोकऱ्या बदलत गेल्या तसं तुमच्या जुन्या मैत्र्यांचं काय झालं? आणि एखादं वेड, मग ते खेळाडूचं असो, मालिकेचं असो की गायकाचं, त्यात कुठे आलं? कंपन्यांची नावं नकोत. रडगाणं चालेल, पण रंगवून सांगा.

उंटावरचा शहाणा

माझं वेड फेडरर, मित्राचं नदाल. एवढ्यावर आमचं सगळं उभं होतं. २००८ची विम्बल्डन फायनल आम्ही हॉस्टेलच्या टीव्हीवर पाहिली. पावसाने दोनदा थांबली, पाचवा सेट ९-७ला गेला, शेवटी शेवटी तर कोर्टवर अंधारून आलं होतं. नदाल जिंकला. मित्राने तोंडातून अक्षर काढलं नाही, नुसता माझ्याकडे बघून हसला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

मग नोकऱ्या लागल्या, सुटल्या, देश बदलले. आमचा संपर्क राहिला तो ग्रँड स्लॅमच्या दुसऱ्या आठवड्यापुरता. ‘काय म्हणतोस’, ‘घरचे कसे आहेत’ ही भानगड नाही. थेट ‘तुझ्या माणसाचा बॅकहँड आज कुठे फिरायला गेलाय?’ २०१९च्या विम्बल्डन फायनलला जोकोविचविरुद्ध पाचव्या सेटमध्ये फेडरर ८-७, ४०-१५वर सर्व्ह करत होता. दोन मॅच पॉइंट. दोन्ही गेले आणि पुढे मॅचही गेली. मी फोन पालथा घालून ठेवला, म्हटलं आता याचा मेसेज येणार. रात्रभर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. इतकी सभ्यता त्याने आयुष्यात कधी दाखवली नव्हती.

सप्टेंबर २०२२मध्ये फेडररची शेवटची मॅच झाली, लंडनला, लेव्हर कपमध्ये. दुहेरी, आणि जोडीला नदाल. हरले. मग दोघं शेजारी शेजारी बसून रडत होते, तो फोटो टेनिस न बघणाऱ्यांनीही पाहिला असेल. त्या रात्री मित्राचा फोन आला. मेसेज नाही, फोन. थोडा वेळ टेनिसचं झालं आणि मग म्हणाला, “अरे, मला कामावरून काढलं. मे महिन्यात.” मे ते सप्टेंबर! मधे विम्बल्डन झालं, यूएस ओपन झालं, आम्ही ढिगाने मेसेज केले होते. म्हटलं, बोलला का नाहीस? तर म्हणे, “आपलं ते खातं नव्हतं ना.”

मला खरं तर राग यायला हवा होता, पण आला नाही. त्या दिवसांत भेटेल तो माणूस त्याला ‘जमलं का कुठे?’ विचारत होता. मी एकटाच नदालच्या पोटाच्या दुखापतीवरून त्याचं डोकं खात होतो. तेवढीच विश्रांती मिळायची, असं तोच म्हणाला.

तिरपागडे

मग आता काय बोलता? दोघंही रिटायर झाले की.

उंटावरचा शहाणा

मित्राला वर्षाच्या आत नोकरी लागली. २०२४मध्ये नदालही थांबला, तर याने लगेच अल्काराझ धरला. मला तसा कोणी भावत नाही, पण समोरच्या बाजूला कोणीतरी लागतंच, म्हणून सिनर बघायला लागलोय. वेडाचं थोडं ढोंगही करता येतं.

सरळसोट

मला हा गहिवर झेपत नाही. ऑफिसातली मैत्री ऑफिसपुरती असते आणि तशीच असावी. आठ तास शेजारी बसायचं, एकाच साहेबाला वैतागायचं, याने जवळीक होते, नाही कोण म्हणतं? पण साहेब बदलला की विषय संपला. नोकरी सोडल्यावर मी त्या टीमच्या ग्रुपमधूनही बाहेर पडलो. लोकांना इतका राग आला की त्यातल्या तिघांनी मला स्वतंत्र मेसेज करून विचारलं. ग्रुपमध्ये असताना त्या तिघांनी मला कधी काही विचारल्याचं आठवत नाही.

आता गंमत. पुढची नोकरी मला कुठल्याही जिवलगामुळे मिळाली नाही. माझ्या आधीच्या ऑफिसात दुसऱ्याच विभागात एक बाई होत्या, लिफ्टमध्ये मान डोलवण्यापुरती ओळख. त्यांनी जागा निघाल्याचं कळवलं. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३मध्ये हेच मांडलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं, की ज्याने तुम्हाला सांगितलं तो माणूस तुम्हाला तेव्हा कितपत भेटायचा? वरचेवर भेटणारा निघाला तो साधारण सहातल्या एकाच्या बाबतीत. बाकीचे अधूनमधून भेटणारे किंवा जवळजवळ न भेटणारे. कारण उघड आहे. जिवलगाला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. नवी बातमी लांबून येते.

तेव्हा लिफ्टमध्ये मान डोलवत जा.

कानामात्रा

सरळसोट, मुद्दा पटला, पण माझ्या बाबतीत लांबचं आणि जवळचं यांची सरमिसळ झाली.

मी हिशेबतपासणीत होते. रात्री मात्र कोरियन मालिकांना हौसेने सबटायटल्स करायचे. टायमिंग एक जुनी मैत्रीण लावायची. हे काम बाहेरून दिसतं त्यापेक्षा फार किचकट आहे. पडद्यावर एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, आणि ती वाचून व्हायच्या आत पुढचं पात्र तोंड उघडतं. नायिका दहा सेकंद धडाधड भांडते, तिचं भांडण तुम्हाला सहा शब्दांत बसवायचं आणि तरी ते भांडण वाटलं पाहिजे. मैत्रीण फोनवर म्हणायची, “अर्धा सेकंद जास्त देते, पण ‘तुला काही वाटतं का’ ठेव. ते काढलंस तर ती नुसती माहिती देतेय असं वाटतं.” आम्ही दोघी एका ‘का’वरून मध्यरात्रीपर्यंत वाद घालायचो. सकाळी मी ताळेबंद तपासायला हजर.

फुकटचं काम करता करता अशीच हौसेने सबटायटल्स करणाऱ्या मंडळीतल्या एकीने, जिचा चेहरा मी आजवर पाहिलेला नाही, पैसे देणाऱ्या एका स्टुडिओकडे माझं नाव दिलं. मी नोकरी सोडली. पगार आधी कमीच झाला, ते लपवत नाही. पण जास्त टोचलं ते दुसरंच. मैत्रीण म्हणाली, “आता तुझं हे काम झालं, माझं वेडच आहे. मी नाही येत.” आणि खरंच आली नाही. आता आम्ही मालिका बघतो, त्यावर बोलतो, पण मी चुकून जरी एखाद्या ओळीच्या टायमिंगबद्दल बोलले तरी ती विषय बदलते. तिचं बरोबर आहे, मला वाटतं. कामाच्या चष्म्यातून बघणाऱ्या माणसाबरोबर मालिका बघणं ही शिक्षाच असते.

घड्याळजी

घरून काम, नवी कंपनी, सहकारी सगळे व्हिडिओ कॉलच्या चौकोनात. चाळिशीनंतर नवे मित्र कसे करतात हे कोणी सांगेल का? जेफ्री हॉल या संशोधकाचा २०१८चा अभ्यास वाचला. त्याच्या हिशेबाने नुसती ओळख मैत्रीकडे झुकायला साधारण ५० तास लागतात, मित्र म्हणायला ९०, आणि घट्ट मैत्रीला २००च्या वर. शिवाय कामाच्या निमित्ताने एकत्र काढलेले तास तितके कामी येत नाहीत. आठवड्याला एक तास गप्पा धरल्या तर २०० तासांना जवळजवळ चार वर्षं! तोवर मी किंवा समोरचा, कोणीतरी नोकरी बदललेली असणार.

तिरपागडे

तास मोजणाऱ्या माणसाशी मैत्री कोण करणार, हा पहिला प्रश्न.

घड्याळजी

तुमच्याशी होईल असं दिसतंय. दोन मिनिटं जमा झाली.

पडद्यामागची

आमचा पाच जणांचा कंपू गेम ऑफ थ्रोन्सवर जमला. २०११ ते २०१९. सुरू झालं तेव्हा सगळे एकाच ऑफिसात शिकाऊ, संपलं तेव्हा प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणी आणि दोघं तर वेगळ्या व्यवसायात. शेवटचा सीझन पुन्हा काढा म्हणून दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या, त्यात आम्ही पाचही होतो. नंतर एकत्र बघायला दुसरी मालिका शोधली. एकाला ड्रॅगन हवेत, एकीला नकोत. जमलं नाही. आता फक्त वाढदिवसाचे मेसेज. मला त्याचं फार वाईट वाटत नाही, पण शेवटचा सीझन अजून सहन होत नाही.

ढकलगाडी

ऑर्कुट आठवतंय का, ते जुनं सोशल नेटवर्क? त्यात मित्र तुमच्याबद्दल टेस्टिमोनियल लिहायचे. ३० सप्टेंबर २०१४ला ते बंद झालं. त्याआधी एका मित्राने माझ्याबद्दल लिहिलेलं मी जपून ठेवलं. त्यात एकच वाक्य होतं: ‘भांडतो फार, पण वेळेवर येतो.’

तो मित्र आता कुठे असतो ते मला ठाऊक नाही. पण मध्यंतरी मुलाखतीत नेहमीचा प्रश्न आला, ‘तुम्हाला ओळखणारे लोक तुमचं वर्णन कसं करतील?’ पाठ केलेलं उत्तर ऐन वेळी आठवेना, तर हेच वाक्य जसंच्या तसं बोलून गेलो. पॅनेलवरच्या एक बाई हसल्या, दुसऱ्यांनी लिहून घेतलं. नोकरी मिळाली. पहिल्याच मीटिंगमध्ये माझं एकाशी वाजलं. बाई म्हणाल्या, “कल्पना दिली होती त्यांनी.”